चार मिलिमीटरचा तुकडा आणि दोन ओळींची चिठ्ठी

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या हाताच्या कातडीचा एक तुकडा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात बंद आहे. आकार ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. या तुकड्याचे दोन अहवाल आमच्या घरी आहेत. दोन्ही त्याच तुकड्याचे, त्याच डॉक्टरांच्या सहीचे, आणि दोहोंत अकरा महिन्यांचे अंतर. पहिल्यात रोगाचे नाव नाही, दुसऱ्यात आहे. मधल्या काळात तुकडा तसाच होता. मेणात ठेवलेल्या कातडीत काय बदल होणार? बदलली होती ती त्याच्यासोबत गेलेली चिठ्ठी.

मी डॉक्टर नाही. एका विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, आणि कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे ते शोधण्याची खोड तिथेच लागली. अक्काच्या दुखण्यानंतर ती खोड या विषयाकडे वळली. त्वचेच्या पॅथॉलॉजीची जुनी पाठ्यपुस्तके जुन्या बाजारातून आणून वाचली. एका निवृत्त पॅथॉलॉजिस्टांनी आपल्या दुहेरी सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीला डोळा लावून मला दीड वर्ष बसू दिले. या लेखातले शहाणपण बरेचसे त्यांचे आहे, चुका माझ्या.

‘बायोप्सी’ हा शब्द १८७९ साली एर्नेस्त बेनिए या फ्रेंच डॉक्टरांनी रूढ केला. ते त्वचारोगतज्ज्ञ होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पोट किंवा मेंदू यांच्यापर्यंत पोहोचणे त्या काळी अवघड होते. कातडी मात्र समोरच होती. पुढे १८८७ मध्ये एडवर्ड कीज या अमेरिकन डॉक्टरांनी कातडीत गोल छिद्र पाडून तुकडा काढणाऱ्या नळीसारख्या हत्याराचे वर्णन केले. आज आपल्याकडे ज्याला ‘पंच’ म्हणतात ते तेच. बेनिएंच्या काळात रोगी तपासणारा आणि काच पाहणारा बहुधा एकच माणूस असे. सकाळी ज्याचा चट्टा पाहिला त्याचाच तुकडा तो दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी. चिठ्ठीची गरजच नव्हती. पुढे कामाची वाटणी झाली, एकाचे दोघे झाले, त्या दोघांमध्ये आधी जिना आला, मग रस्ता, मग कुरिअर. चिठ्ठी जन्माला आली ती या अंतरातून.

तुकड्याचे पुढे काय होते ते थोडक्यात सांगतो. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो, तिथे तो सडायचा थांबतो. मग त्यातले पाणी काढून त्याजागी मेण भरतात, ठोकळा करतात, आणि त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर रंगवतात. पेशींची केंद्रके जांभळी-निळी दिसतात, बाकी सारे गुलाबी. आता हिशेब करा. ४ मिलिमीटरच्या तुकड्याचे ४ मायक्रॉनचे काप सलग काढले तर एक हजार होतील. काचेवर चढतात त्यातले मोजके. उरलेला तुकडा ठोकळ्यातच राहतो. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट जे पाहतो तो कातडीचा नमुना, आणि त्या नमुन्याचाही नमुना. आणखी खोल काप घ्यायचे का, कोणता खास रंग वापरायचा, कशासाठी नजर ताणायची, हे ठरवायला त्याच्या हाती सोबतच्या चिठ्ठीशिवाय दुसरे काही नसते.

काच खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. खोटे बोलत नाही हे खरे, पण ती फार कमी बोलते. त्वचेचे रोग शेकड्यांनी आहेत आणि आजाराला उत्तर देण्याच्या कातडीच्या तऱ्हा मोजक्या. वरच्या थरात पाणी साचणे, थर जाड होणे, वरचा आणि खालचा थर जिथे जुळतात तिथे पेशींनी हल्ला करणे, फोड येणे, रक्तवाहिन्या सुजणे, पेशींच्या गाठी बांधल्या जाणे. एवढ्याच आठ-दहा सुरांत ती सगळे गाते. बर्नार्ड अ‍ॅकरमन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात दाहाच्या रोगांची मांडणीच अशा आकृतिबंधांनुसार केली. त्याने गोंधळ खूप कमी झाला, पण एक गोष्ट स्पष्टही झाली. आकृतिबंध ओळखला म्हणजे रोग ओळखला असे होत नाही.

लायकेन प्लॅनस या रोगात वरच्या थराच्या तळाशी पेशींचा पट्टा चिकटून बसलेला दिसतो. आता हाच पट्टा रक्तदाबाच्या किंवा हिवतापाच्या काही गोळ्यांनी उठलेल्या पुरळातही दिसतो. उतारवयात चेहऱ्यावर किंवा छातीवर एखादा जुना डाग मावळू लागतो, त्यातही दिसतो. पहिल्याला औषध द्यायचे, दुसऱ्याला औषध बंद करायचे, तिसऱ्याला काहीच करायचे नाही. काचेवर हे तिघे सख्ख्या भावांसारखे. पुरळ अंगभर आहे की डाग एकच आहे, आणि पेशंट कोणत्या गोळ्या घेतो, या दोन गोष्टी चिठ्ठीत असतील तर पॅथॉलॉजिस्टचे काम पाच मिनिटांचे. नसतील तर तो प्रामाणिकपणे ‘लायकेनॉइड’ एवढेच लिहितो, आणि खाली ते प्रसिद्ध वाक्य: ‘क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड’, म्हणजे लक्षणांशी ताडून पाहा. विम्याच्या कचेरीत हे वाक्य मी हजारदा वाचले होते, आणि ती पळवाट आहे असे मानत होतो. आता मानत नाही. बहुतेक वेळा ती तक्रार असते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे काच जेव्हा कर्करोगासारखी दिसते. १९६८ मध्ये वॉरन मॅकॉले या डॉक्टरांनी एका विचित्र रोगाचे वर्णन करून त्याला लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस हे नाव दिले. अंगावर पुळ्या येतात, पिकतात, काही आठवड्यांत आपोआप जातात, पुन्हा नव्या येतात. असे वर्षानुवर्षे. पण एखादी पुळी काढून पाहिली तर पेशी थेट लसीकापेशींच्या कर्करोगातल्यासारख्या. इथे निदान काचेवर नसून ‘आपोआप जातात’ या दोन शब्दांत आहे. हे शब्द चिठ्ठीत नसले तर ठणठणीत माणसावर केमोथेरपीची वेळ येऊ शकते. या रोगाच्या काही पेशंटांना पुढे खरा लसीका-कर्करोग होतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते. पण लक्ष ठेवणे वेगळे आणि केमोथेरपी वेगळी.

तिळाचेही तसेच. सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये लहान मुलांमधल्या अशा गाठींचा अभ्यास मांडला, ज्या मेलॅनोमासारख्या दिसत पण बहुतेक मुलांच्या जिवावर उठत नसत. आज त्यांना स्पिट्झ तीळ म्हणतात. तेच चित्र सहा वर्षांच्या मुलाच्या गालावर आणि साठीच्या माणसाच्या पाठीवर असेल तर त्याचा अर्थ एक नाही. वयाचा रकाना इथे औपचारिकता राहत नाही. अर्धवट खरवडून काढलेला साधा तीळ पुन्हा उगवला तर व्रणावरच्या त्याच्या पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसतात की १९७५ मध्ये त्या चित्राला ‘स्यूडोमेलॅनोमा’, म्हणजे मेलॅनोमाचे सोंग, असे नाव देण्यात आले. पूर्वी इथून तीळ काढला होता, हे पाच शब्द ते सोंग उतरवतात. चामखिळीवर पोडोफायलिन लावून दोन-तीन दिवसांत तुकडा काढला तर पेशी विभाजनाच्या मध्यावरच अडकलेल्या दिसतात, आणि औषध लावल्याचे ठाऊक नसलेला माणूस त्याला कर्करोगाची सुरुवात समजू शकतो.

आपल्याकडे औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली मलमे हा तर स्वतंत्र अध्याय आहे. गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेले मलम महिनोन्‌महिने चोळले की त्याची कड पुसट होते, खाज दबते, बुरशी मात्र मजेत वाढते. अशा तुकड्यात बुरशी दाखवणारा खास रंग लावला तर धागे सापडतात. पण तो लावायचे सुचावे कसे? ‘मलम लावत होते’ एवढे कोणी लिहायला हवे. पेशंटच्या लेखी मलम हे औषध नसतेच. ‘काही औषध चालू आहे का?’ याला तो ‘नाही’ म्हणतो, आणि ट्यूब पिशवीत असते.

काही वेळा तर चूक चिठ्ठीच्याही आधी, बाटलीपाशी होते. अंगावर पाण्याचे फोड येणाऱ्या काही रोगांत कातडीतल्या प्रतिपिंडांची चमक पाहावी लागते. त्यासाठीचा तुकडा फोडाच्या शेजारच्या चांगल्या कातडीचा आणि फॉर्मॅलिनऐवजी वेगळ्या द्रावात घातलेला हवा. फॉर्मॅलिनमध्ये पडला की ती तपासणी गेली.

आता अक्काकडे येतो. ‘लिही, पण माझं नाव नको,’ एवढ्या अटीवर तिने परवानगी दिली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी ती राहते. उजव्या हाताला, कोपराच्या खाली चार बोटांवर, फिकट तांबूस चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून अडीच वर्षे तिने ढुंकून पाहिले नाही. एक दिवस भाकरी करताना तव्याची कड तिथे लागली. ‘कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा कळलं रे,’ ती मला म्हणाली होती. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तिने हेच सांगितले, आणि तिथल्या डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलेही: भाजल्याचा डाग, वेदना नव्हती. केसपेपर आजही माझ्याकडे आहे. तुकडा काढला. सोबतची चिठ्ठी एका निवासी डॉक्टरांनी भरली. प्रयोगशाळेने मला तिची प्रत दिली, ती जशीच्या तशी देतो: स्त्री, ५८. हॅन्ड. स्केली स्किन लेझन, फ्यू मन्थ्स. डर्मटायटिस? बस्स.

या दोन ओळींत चार चुका आहेत आणि चारही भाषांतराच्या आहेत. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा ‘हातच’. इंग्रजीत ‘हॅन्ड’ म्हणजे फक्त मनगटापुढचा पंजा. पॅथॉलॉजिस्टच्या दृष्टीने तळहाताची, पंजामागची आणि कोपराखालची कातडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लई दिवस झालं’ याचे ‘फ्यू मन्थ्स’ झाले, अडीच वर्षांचे काही महिने. ‘स्केली’, म्हणजे खवले असलेला, हे कुठून आले ते मला बरेच दिवस उमगेना, कारण चट्टा गुळगुळीत होता. मग एकदा अक्काच्याच बोलण्यातून अंदाज आला. ती सगळ्यांना सांगत असे, ‘तिथली कातडी मेलीय.’ तिला म्हणायचे होते, तिथे काही कळत नाही. ऐकणाऱ्याने बहुधा ‘डेड स्किन’ ऐकले, म्हणजे कोंडा, पापुद्रे. बधिरपणाला आपल्याकडे ‘बधिर’ कोण म्हणते? जड वाटतं, मुंग्या येतात, झोपल्यागत होतं, मेल्यासारखं झालंय, असेच लोक बोलतात. चौथी चूक म्हणजे न लिहिलेली. तव्याची हकिगत चिठ्ठीत आलीच नाही.

अहवाल आला: जुनाट, अविशिष्ट दाह. लक्षणांशी ताडून पाहा. ताडून पाहणारे डॉक्टर पुढच्या भेटीला बदललेले होते. मलम मिळाले, मग दुसरे मलम. अकरा महिने गेले. त्या काळात उजव्या हाताची करंगळी वाकू लागली.

अकरा महिन्यांनंतर तालुक्याच्या गावच्या एका वयस्क डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. मग गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या लावल्या. मग कोपरामागे बोट नेऊन, जिथे धक्का लागला की हाताला झिणझिण्या येतात ती नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. संवेदना नसलेला चट्टा आणि जाड झालेली नस. कुष्ठरोगाची ही लक्षणे पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतात, आणि खरे तर एवढ्यावर उपचार सुरू करता येतात. तरीही त्यांनी जुना ठोकळा पुन्हा पाहण्याची विनंती केली. चिठ्ठीवर दिलेली जागा पुरली नाही म्हणून त्यांनी समासात आडवे लिहिले होते: उजवा हात, कोपराखाली बाहेरच्या बाजूला एकच चट्टा, सात बाय पाच सेंटिमीटर, अडीच वर्षांहून जुना, तिथले केस गेलेले, गरम-गार आणि स्पर्श कळत नाही, कोपराची नस जाड, मधे स्टेरॉइड मलम वापरले, तुकडा कडेचा, कुष्ठरोगाची शंका, चेतातंतू शोधावा.

प्रयोगशाळेने ठोकळ्याचे आणखी खोल काप घेतले. चेतातंतूचे अवशेष ठळक दाखवणारा एस-१०० हा रंग लावला. एका कापात घामाच्या ग्रंथीजवळ चेतातंतूची बारीक फांदी सापडली, आणि तिला पोखरून बसलेली पेशींची गाठ. जंतू एकही दिसला नाही. या प्रकारच्या कुष्ठरोगात तो क्वचितच दिसतो. म्हणून तर चेतातंतूवर सगळी भिस्त. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांचा अभ्यास करून चेतातंतूंकडेच बोट दाखवले होते. पुढे १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी या रोगाचे जे पाच गट केले, तेही रोग्याची लक्षणे, काचेवरचे चित्र आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचा मेळ घालून. अक्काचा गट ठरला बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड.

हे ज्ञान आपल्या घरचे आहे. आनंदवन, तपोवन, दत्तपूर ही नावे ज्या महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असतात, तिथे हे व्हावे याचे मला वाईट वाटले. पण त्यालाही कारण आहे. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असे जाहीर झाले. ‘उरला नाही’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. शंकाच मनात येत नसेल तर चिठ्ठीत कुठून येणार?

पहिला अहवाल देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांना मी भेटलो. रागाने गेलो होतो, हे कबूल करतो. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, ‘हीच पहिली चिठ्ठी आज आली तरी मी तेच लिहीन.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘फोन करायला हवा होता.’ चिठ्ठीवर फोन नंबर नव्हता. रोज येणाऱ्या नमुन्यांचा ढीग त्यांनी मला दाखवला. त्यात पित्ताशय, गर्भाशय, गाठी, आणि मधेच कातडीचे चिमुकले तुकडे; सगळ्यांना एकच छापील फॉर्म. ‘क्लिनिकल डिटेल्स’ची जागा मी पट्टीने मोजली. उंची दीड सेंटिमीटर. बिलाच्या तपशिलाला चार.

चिठ्ठी भरणाऱ्या निवासी डॉक्टरांवरही माझा राग टिकला नाही. बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी बाकांवर जागा नव्हती, एवढे मलाही आठवते. तुकडा काढणे हे काम, चिठ्ठी भरणे ही कटकट, असे त्यांना कोणी शिकवले नसेल, पण वातावरणच तसे शिकवते.

माझ्या निवृत्त पॅथॉलॉजिस्ट गुरूंशी मात्र माझा एका मुद्द्यावर वाद झाला. ते काच आधी पाहतात, चिठ्ठी उलटी ठेवून. त्यांचे म्हणणे, चिठ्ठी आधी वाचली की डोळे तेच शोधू लागतात, ‘सोरायसिस?’ लिहिले की जिकडेतिकडे सोरायसिस. मला हा धोका खरा वाटतो. दाव्याच्या फायलीवर वरिष्ठाने पेन्सिलने ‘संशयास्पद’ लिहिले की खालच्या प्रत्येकाला संशय दिसू लागायचा. पण ते चिठ्ठी उलटी ठेवतात, फाडत नाहीत. एकदा कोरी नजर, मग चिठ्ठी, मग पुन्हा काच. आणि त्यांचा आक्षेप मुख्यतः निदानाच्या नावाला आहे, वर्णनाला नाही. ‘सोरायसिस?’ हे मत झाले. ‘गुडघ्यांवर, दोन वर्षे, चांदीसारखे पापुद्रे’ ही माहिती झाली. चिठ्ठ्यांत आढळते ते बहुधा पहिले. तरीही दुसऱ्यांदा काच पाहायला ज्या प्रयोगशाळेत वेळच नसतो, तिथे ही पद्धत कशी चालायची, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

आता काही डॉक्टर चट्ट्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात. फार चांगली गोष्ट आहे. जागा, आकार, रंग, संख्या याबद्दलच्या अर्ध्या चुका त्याने टळतात. अक्काच्या चट्ट्याचाही फोटो पहिल्याच दिवशी कुणीतरी काढला होता. मी तो पाहिला आहे. त्यात भाजल्याचा डाग स्पष्ट दिसतो, पण ती ओरडली नव्हती हे दिसत नाही.

सहा महिन्यांच्या गोळ्या संपून आता दोन वर्षे झाली. चट्ट्याचा रंग बराच निवळला. करंगळी व्यायामाने थोडी सुधारली, पूर्ण सरळ होत नाही. अकरा महिने आधी कळले असते तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारले. शक्यता होती, एवढेच ते म्हणाले. अक्का आता तवा फडक्याने न धरता सांडशीने धरते, आणि स्वयंपाक झाला की खिडकीपाशी उजेडात उभी राहून उजवा हात एकदा उलटासुलटा करून पाहते, कुठे भाजले तर नाही ना म्हणून.